तिसरा हिसका

गल्लीत सगळे त्यांना तोंडावर मास्तर म्हणत आणि पाठ वळली की हिसकेराव. हे नाव पाडलं होतं खालच्या मजल्यावरच्या शिंप्यानं, आणि ते त्यांना असं काही बेतून शिवल्यासारखं बसलं की खुद्द त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या तोंडूनही त्यांच्या माघारी रागाच्या भरात एकदोनदा निसटून गेलं होतं.

हिसकेरावांचा धंदा कुलपांचा. दुरुस्त केलेलं कुलूप गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी ते बंद करून त्याला तीन हिसके द्यायचे, हा त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम. पहिला हिसका कडीसाठी, दुसरा आतल्या स्प्रिंगसाठी आणि तिसरा आपल्या मनासाठी, असं वडील सांगत. दुकानातल्या कुलपांच्या बाबतीत हिसकेरावांचं मन तिसऱ्या हिसक्याला निमूट गप्प बसे. घराच्या कुलपाचं तसं नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांची कुलपं किल्लीवाचून उघडून देणाऱ्या माणसानं कुलपावर भरवसा ठेवायचा तरी कसा? दाराला कुलूप म्हणजे काय, तर लोखंडाचा एक शब्द. समोरच्यानं पाळला तर पाळला.

म्हणून गावाला जायचं म्हटलं की त्यांचं मागे फिरणं सुरू व्हायचं. जिना उतरून झाला की वर जाऊन कुलूप ओढून बघायचं, कोपऱ्यापर्यंत गेलं की परत फिरायचं, आणि एकदा तर सुटलेली बस थांबवून ते खाली उतरले होते. कुलूप दर वेळी लागलेलंच असे. पण लागलेलं होतं हे बघून झाल्यावर, ओढताना उघडलं तर नसेल, अशी नवी शंका जिन्यातच पायात यायची. एका प्रवासात त्यांनी वाटेतून शिंप्याला फोन करून कुलूप बघायला पाठवलं. शिंप्यानं वर जाऊन ओढून बघितलं आणि घट्ट आहे म्हणून कळवलं. हिसकेरावांचं समाधान झालं नाही. शिंप्याचा हिसका तो. धागा तोडल्यासारखा.

भाचीचा फोन आला तेव्हा ते दुकानात एका कपाटाच्या कुलपात तेल सोडत होते. ताईच्या हृदयाची झडप बदलायची ठरली होती. परवा सकाळी तिला आत नेणार होते. वय बघता डॉक्टर फारसं काही बोलत नव्हते, आणि डॉक्टर बोलत नाहीत याचा अर्थ दोघांनाही कळत होता. आई तुमचीच वाट बघतेय, उद्या संध्याकाळपर्यंत पोचा, भेटायची वेळ सातला संपते, असं सगळं भाचीनं नीट सांगितलं. फोन ठेवता ठेवता मात्र ती म्हणाली, “मामा, या वेळी तरी उशीर नको.”

‘या वेळी तरी’ हे शब्द तिनं हळूच ठेवले होते, पण जिथे ठेवायचे तिथेच ठेवले होते. ताईचे यजमान गेले तेव्हा हिसकेराव बसस्टँडवरून घरी परत फिरले होते. कुलूप अर्थातच लागलेलं होतं. पुढची बस मिळेपर्यंत अर्धा दिवस गेला, आणि ते पोचले तेव्हा सगळं आटोपून माणसं घरात बसलेली होती. ताईनं त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, “कुलूप लागलेलं होतं ना?” ते होतं म्हणाले. “बरं झालं,” ती म्हणाली, आणि काकूंना चहा करायला सांगितला. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्यांना रागवता तरी आलं असतं.

घरी आल्यावर त्यांनी काकूंना ताईचं सांगितलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, हातातलं पातेलं पालथं घातलं आणि तीन अटी घातल्या. कुलूप मी लावणार. किल्ली माझ्याकडे राहणार. वाटेत त्याबद्दल एक अक्षर काढायचं नाही. हिसकेरावांनी मान डोलावली. मन डोलावलं की नाही हा वेगळा प्रश्न.

सकाळी दोन्ही बॅगा घेऊन ते खाली उतरले आणि जिन्याच्या तोंडाशी कान देऊन उभे राहिले. त्यांचं घरचं कुलूप वडिलांच्या हातचं, सात लिव्हरचं, लावताना त्याचा जो आवाज होई तो ते शंभर कुलपांत ओळखू शकले असते. पण नेमका त्याच वेळी बसस्टँडवर सोडायला बोलावलेल्या भाड्याच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला, आणि हॉर्न थांबेपर्यंत काकू खाली आलेल्या होत्या. पर्सची चेन लावलेली, चेहरा शांत.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“चला,” काकू म्हणाल्या.

बसमध्ये जागेवर बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ‘झालं’ असं काही ती म्हणाली नव्हती. चला म्हणाली होती. आणि चला हे कुलूप न लावताही म्हणता येतं.

त्यांनी दुसऱ्या कशात तरी मन घालायचं ठरवलं. घाटातली वळणं मोजावीत, तर घाट नव्हता. सपाट रस्ता आणि दोन्ही बाजूंना नुसती शेतं. मग ते पूर्वीचे प्रवास आठवत बसले.

पहिला प्रवास विशीच्या आतला. कापडी पिशवीत दोन शर्ट घालून पहाटे घरातून निघून गेले होते. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं, कुठून जायचं तेवढं ठरलं होतं. वडिलांच्या दुकानातून, तेलाच्या आणि गंजाच्या वासातून, आणि हो, ताईच्या धाकातूनही. आई लवकर गेलेली, त्यामुळे हे राज्य ताईचंच होतं. आता नवल वाटत होतं ते एकाच गोष्टीचं. त्या दिवशी त्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं. पुढे काही महिन्यांनी बरगड्या मोजता येतील असे होऊन ते परत आले, तेव्हा वडिलांनी नुसतं दुरुस्तीला आलेलं एक कुलूप पुढे सरकवलं होतं.

लग्नानंतरचे प्रवास वेगळे. ते जाण्यासाठी नव्हतेच, जाऊन आलो हे सांगण्यासाठी होते. समुद्र बघायची हौस काकूंची, पण कॅमेरा उसना आणला होता तो हिसकेरावांनी. त्या समुद्राचं त्यांना आता फारसं काही आठवत नव्हतं. फोटो आठवत होता. त्यात समुद्र पाठीमागे होता आणि दोघंही कॅमेऱ्याकडे बघत होती. तो फोटो दुकानात गिऱ्हाइकाच्या नजरेस पडेल असा लावलेला होता, आणि कोणी विचारलं नाही तर हिसकेराव त्याच्यावरची धूळ पुसायला उठत.

मग एक काळ असा आला की त्यांना फक्त कुलपं बघायला जावंसं वाटे. अमुक गावच्या जुन्या तुरुंगाचं कुलूप, तमुक ठिकाणच्या पेढीची तीन किल्ल्यांची तिजोरी. ते दिवसभर त्या लोखंडापुढे उकिडवे बसत, आणि काकू लॉजवरच्या खाटेवर शब्दकोडी सोडवत. नवऱ्याला सवत आहे आणि ती गंजलेली आहे, असं त्या चारचौघांत सांगत. तेव्हाही धास्ती होतीच, पण तिच्यावर उतारा होता. समोर चांगलं कुलूप आलं की घरच्या कुलपाचा विसर पडे.

पुढे गुडघे कुरकुरू लागले आणि आपणहून जाणं संपलं. राहिली ती बोलावणी. सुरुवातीला लग्नांची, मग दवाखान्यांची, मग नुसत्याच बातम्यांची. पूर्वी हातात बॅग दिसली की लोक विचारत, कुठे चाललात? आता विचारत, कोणाला काय झालं?

आज सकाळी शिंप्यानंही तेच विचारलं होतं. आणि शिंपी दारात उभा होता, म्हणजे त्यानं काकूंना कुलूप लावताना बघितलं असेल. की नसेल? तो तर खाली होता. वर कोणीच नव्हतं.

झालं. मन फिरून पुन्हा त्याच दारात येऊन बसलं.

“ओढून बघितलं होतंस का?” त्यांनी शेवटी विचारलंच.

काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. “अक्षर काढायचं नाही, असं ठरलं होतं.”

“हो म्हण किंवा नाही म्हण. त्यात काय आहे?”

“हो म्हटलं तर तुम्ही विचाराल कितीदा.”

हे अगदी खरं होतं, त्यामुळे त्यांना जास्तच राग आला. शिवाय ती हो म्हणत नव्हती. खोटं बोलायची तिला सवय नाही हे ते जाणून होते, आणि हीच तर भीतीची गोष्ट होती. मग त्यांना स्वयंपाकघराची खिडकी दिसू लागली, पलंगाखालची वडिलांच्या हत्यारांची पेटी दिसू लागली, आणि जिन्यावरून वर चाललेला कोणीतरी दिसू लागला, ज्याला चेहरा नव्हता पण हात मात्र चांगले सवयीचे होते.

बस अर्ध्या वाटेवरच्या स्टँडवर थांबली. कंडक्टरनं चहापुरता वेळ आहे, लांब जाऊ नका, असं बजावलं. हिसकेराव पाय मोकळे करायला म्हणून उतरले. उतरताना त्यांनी आपली बॅगही घेतली. पाय मोकळे करायला बॅग कशाला लागते हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

पलीकडच्या फलाटावर उलट्या दिशेची बस उभी होती. तिच्यावर त्यांच्याच गावची पाटी. इंजिन चालू, ड्रायव्हर जागेवर. आता बसलं तर दुपारपर्यंत घरी. कुलूप ओढून बघायचं आणि लगेच संध्याकाळची बस धरायची. सातची वेळ टळेल, हे खरं. पण सकाळी आत नेताना दिसेल. दिसेल की. दवाखानेवाले माणसंच असतात. ताईला तरी काय, ती समजून घेईल. तिनं आजवर समजूनच घेतलं आहे. हा विचार मनात आला आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली, पण पाय त्या बसच्या पायरीशी पोचलेच होते.

“अहो.”

काकू मागे उभ्या होत्या. धावत आल्या असाव्यात, दम लागला होता. पण त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी पर्सची चेन उघडली, रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि हिसकेरावांच्या तळहातावर ठेवलं. वजनावरूनच त्यांना कळलं. रुमाल सोडायचीही गरज नव्हती. तरी त्यांनी सोडला. सात लिव्हरचं, वडिलांच्या हातचं, किल्ली आतच.

मग त्यांनी एवढंच विचारलं, “मग दाराला काय लावलंयस?”

“काही नाही. लोटून घेतलंय.”

“दार उघडं आहे?”

“उघडं आहे. नक्की उघडं आहे.” काकूंनी पर्सची चेन लावली. “लावलं असतं तरी तुम्ही इथे उतरलाच असतात. लागलंय की नाही, हीच तुमची धास्ती ना? घ्या, मिटवली. आता त्यात बघण्यासारखं काही नाही. चोर आत शिरला असेल तर तुम्ही जाऊन त्याला चहाच विचारायचा आहे. आता सरळ ठरवा, घराकडे जायचं की वन्संकडे. कुलपाचं नाव सांगायचं नाही.”

हिसकेरावांनी कुलपाकडे बघितलं. एवढा संताप त्यांना आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो काढायला जागा नव्हती. भरल्या घराला, कुलूपवाल्याच्या घराला, कुलूप नाही. गल्लीला कळलं तर तोंड दाखवायची सोय उरणार नाही. हे सगळं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांच्या हातांना राग कळत नव्हता. हातांनी आपोआप कडी दाबून कुलूप बंद केलं, किल्ली काढली आणि हिसका दिला. एक, दोन, तीन. घट्ट होतं. कशालाही न लावलेलं कुलूप, पण अगदी घट्ट.

समोरची बस हलली. कंडक्टरनं पायरीवरून विचारलं, “काका, येताय का?”

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून हलवली, हे त्यांना बस निघून गेल्यावर समजलं.

उरलेला प्रवास सुखाचा झाला असं नाही. उलट, आता शंका नव्हती, खात्री होती, आणि खात्रीची धास्ती वेगळीच असते. वाऱ्यानं दार उघडलं असेल. मांजर शिरलं असेल. पोस्टमननं हाक मारली असेल आणि आत डोकावला असेल. हिसकेराव मनातल्या मनात घरातल्या एकेका वस्तूपुढे उभे राहून ती गेली असं समजून बघत होते. रेडिओ गेला. बरं. पितळी भांडी गेली. बरं. हत्यारांच्या पेटीपाशी ते जास्त वेळ थांबले. पण ती पेटीही गेली असं समजून झालं, तरी बस पुढेच चालली होती आणि ते बसमध्येच होते.

गंमत अशी की ऊन उतरू लागलं तसा काकूंचाच धीर सुटायला लागला. आधी त्यांनी पर्स दोनदा उघडून बघितली. मग म्हणाल्या, “शिंप्याला फोन करून एखादं कुलूप लावायला सांगावं का हो?”

“शिंप्याला सांगितलं की गल्लीला सांगितलं,” हिसकेराव म्हणाले. “हिसकेरावांचं दार उघडं आहे, ही जाहिरातच होईल. त्यापेक्षा चूप बसलेलं बरं.”

नवऱ्याच्या तोंडून ते नाव ऐकून काकूंनी चमकून त्यांच्याकडे बघितलं. त्यांना इतकी वर्षं ते माहीत होतं तर.

दवाखान्यात ते भेटायची वेळ संपण्याच्या बेतात पोचले. भाची दारातच उभी होती. मामाला बघून तिनं घड्याळाकडे बघितलं आणि मग त्यांच्या हातातली बॅग घेतली.

ताई पलंगावर होती. ही एवढीशी कधी झाली, ते त्यांना कळेना. जिच्या नुसत्या पावलांच्या आवाजानं ते लहानपणी पुस्तक उशीखाली सारत, तिची मनगटं आता नळीसारखी दिसत होती. छातीला तारा चिकटवलेल्या, बाजूला यंत्राचा बारीक आवाज. डोळे मिटलेले होते.

“आलास?” ती डोळे न उघडता म्हणाली. “म्हणजे कुलूप पटकन लागलं वाटतं.”

भाची खाली बघू लागली. हिसकेरावांनी खिशातून कुलूप काढलं आणि ताईच्या पंजावर ठेवलं. ते धरायला तिला दोन्ही हात लागले. लहानपणी दुकानातली कुलपं पुसायचं काम तिच्याकडे असे. तिचा अंगठा बरोबर त्या जागी गेला जिथे वडील आपली खूण कोरत.

तिनं डोळे उघडले. “हे इथे. मग दाराला काय?”

“काही नाही. नुसतं लोटलंय.”

ताई हसायला लागली. आवाज न करता हसत होती, पण यंत्राचा आवाज बदलला आणि नर्स आत डोकावून रागावून गेली. ताईनं श्वास सावरला. मग म्हणाली, “तू घरातून पळून गेलास ना, तेव्हाही दार उघडंच टाकून गेला होतास.”

“आत तुम्ही माणसं होतात. बाहेरून कुलूप कसं घालणार?”

“तेच. मला गार वारा लागला म्हणून जाग आली. मग मी उंबऱ्यात बसून राहिले, बाबा उठेपर्यंत. आतून कडी घालवेना. वाटलं, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येशील.”

हे त्यांना माहीत नव्हतं. ती उंबऱ्यात बसली होती तेव्हा ते पिशवी खांद्याला लावून पुढे पुढे चालले होते, आणि एकदाही मागे बघितलं नव्हतं. पुढची सगळी वर्षं मागे वळून बघण्यात गेली, पण ज्या दिवशी बघायचं होतं तो दिवस तेवढा राहून गेला होता.

“आज कोण बसलंय उंबऱ्यात?” ताईनं विचारलं.

“कोणी नाही.”

“मग उद्या सकाळीच नीघ. माझ्यापायी घर धुऊन नेतील.”

“तू बाहेर आल्याशिवाय नाही.”

ताईनं कुलूप छातीवरच्या तारांपासून जरा दूर धरलं आणि दोन्ही हातांनी कडी ओढली. एकदा. थांबून पुन्हा एकदा. एवढ्यानंच तिच्या कपाळावर घाम आला. नर्स दारात येऊन वेळ संपल्याचं सांगत होती.

“दोन झाले,” ताई म्हणाली आणि कुलूप त्यांच्या हातात परत दिलं. “तिसरा उद्या देते. तोवर तू देऊ नकोस.”

दुसऱ्या दिवशी तिला आत नेल्यावर बाहेरच्या बाकावर तिघं बसून होती. भाची उठून येरझाऱ्या घालत होती. काकूंना रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्या सारखं म्हणत होत्या, कुठली अवदसा आठवली मला, खरंच लावायला हवं होतं हो, कोणी शिरलं असेल तर? आणि ऑपरेशनचा दरवाजा जरा हलला की त्यांचं म्हणणं मध्येच तुटत होतं.

“असू दे,” हिसकेराव म्हणाले.

कुलूप त्यांच्या मांडीवर होतं. बोटं सवयीनं कडीपाशी जात होती आणि तिथेच थांबत होती. त्यांनी एक हात दुसऱ्या हाताखाली दाबून धरला आणि दरवाज्याकडे बघत राहिले.